'टर्न ऑफ इट' चूक, मग 'लुक ॲट इट' बरोबर कसं?

नौपाडा_शिकवणी
दहावी झालेल्या मुलांना बोलतं इंग्रजी शिकवते. फ्रेजल व्हर्बच्या, म्हणजे 'टर्न ऑफ'सारख्या जोडक्रियापदांच्या, याद्या त्यांच्या तोंडपाठ आहेत, पण वाक्यात घालायची वेळ आली की गाडी अडते. 'टर्न ऑफ द फॅन' चालतं, 'टर्न द फॅन ऑफ'ही चालतं, मग 'टर्न ऑफ इट' का नाही? आणि तसं असेल तर 'लुक ॲट इट' मध्ये 'इट' शेवटी कसं? 'लुक फॉरवर्ड टू' नंतर 'मीट' की 'मीटिंग'? आणि 'रन आउट ऑफ', 'पुट अप विथ' हे तीन शब्दांचे डबे नेमके कुठे तोडायचे? 'असंच असतं, पाठ करा' हे मुलं आता ऐकून घेत नाहीत. बरोबरच आहे म्हणा.

वर_खाली
मराठी व्याकरणातून सुरुवात करा, निम्मं काम तिथेच होतं.

'डबा माळ्यावर ठेव' आणि 'डबा वर ठेव'. पहिल्यात 'वर' माळ्याचं आहे, म्हणजे शब्दयोगी अव्यय. दुसऱ्यात ते 'ठेव'चं आहे, म्हणजे क्रियाविशेषण. मराठीत हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण शब्दयोगी अव्यय नामाला चिकटतं आणि 'माळा'चं 'माळ्या' होतं. इंग्रजीत दोन्ही सुटे लिहितात, म्हणून घोटाळा. 'ही रॅन अप द स्टेअर्स' मध्ये 'अप' जिन्याचं आहे. 'ही रॅन अप अ बिल' मध्ये ते 'रॅन'चं आहे: बिल वाढवून ठेवलं.

ओळखायचं कसं? नामाच्या जागी सर्वनाम घाला. जिना: 'ही रॅन अप देम'. बिल: 'ही रॅन इट अप'. शब्द क्रियापदाचा असेल तर सर्वनाम मध्ये शिरतं, नामाचा असेल तर त्याच्या मागेच राहतं. 'लुक ॲट इट' मधला 'ॲट' हा 'इट'चाच आहे, म्हणून ते जागचं हलत नाही.

पूर्ण नाम असेल तर 'टर्न द फॅन ऑफ' आणि 'टर्न ऑफ द फॅन' दोन्ही. नाम लांबलं की ते शेवटी टाकायचं: 'टर्न ऑफ ऑल द फॅन्स इन द बिग हॉल'. एवढं सगळं मध्ये कोंबलं तर 'ऑफ' येईपर्यंत ऐकणारा 'टर्न' विसरतो.

सर्वनाम शेवटी का चालत नाही, तर इंग्रजी वाक्याच्या शेवटी सहसा नवी किंवा वजनदार माहिती येते. 'इट' म्हणजे आधीच माहीत असलेली गोष्ट, तिच्यावर जोर नसतो. मोठ्याने म्हणून बघा: 'टर्न इट ऑफ' मध्ये जोर 'ऑफ'वर पडतो, 'लुक ॲट इट' मध्ये 'लुक'वर. मुलांना टाळी वाजवून हे म्हणायला लावलं की यादीपेक्षा लवकर बसतं.

ऐरोली_स्लो
वरच्या उत्तराला एक पुरवणी. कुठला शब्द कुणाचा, हे फक्त शब्द पाहून ठरत नाही. 'ॲट', 'फॉर', 'विथ', 'फ्रॉम' जवळजवळ नेहमी नामाचे. 'अवे', 'बॅक', 'फॉरवर्ड', 'आउट' बहुतेक वेळा क्रियापदाचे. पण 'अप', 'डाउन', 'ऑन', 'ऑफ', 'इन', 'ओव्हर' दोन्हीकडचे. 'टेक ऑफ द कॅप' चं 'टेक इट ऑफ' होतं, पण 'गेट ऑफ द ट्रेन' चं 'गेट ऑफ इट'. तोच 'ऑफ', तेव्हा प्रत्येक वाक्य तपासायचं.

आता तीन शब्दांचे डबे. (एक एफवाला शब्द मी 'ऑव्ह' लिहितो, नाहीतर दोन एफवाल्या 'ऑफ'शी गल्लत होईल.) तोडायचं मधल्या शब्दानंतर: 'रन आउट / ऑव्ह शुगर', 'कॅच अप / विथ हर'. पहिले दोन शब्द क्रियापदाच्या घरचे, तिसरा नामाच्या घरचा. पुरावा म्हणजे 'वी हॅव रन आउट' म्हणून थांबता येतं, मग समोरचा विचारतो, 'ऑव्ह व्हॉट?' 'पुट अप विथ' ला असं थांबता येत नाही, 'विथ' काढलं की अर्थच बदलतो. पण जागा त्याच: 'पुट अप विथ इट', सर्वनाम शेवटी.

काहींना दोन कर्मं असतात, ही मुलांना सगळ्यात जड जातात. 'दे पुट द डिले डाउन टू द रेन', म्हणजे उशिराचं खापर पावसावर फोडलं. पहिलं कर्म क्रियापदाचं, म्हणून मध्ये. दुसरं 'टू'चं, म्हणून शेवटी. 'टॉक हिम आउट ऑव्ह इट' आणि 'डोन्ट टेक इट आउट ऑन मी' याच साच्यातली.

'टू' साठी बहुतेक वेळा एकच चाचणी पुरते: त्याच्यापुढे 'द ट्रिप' घालून बघा. 'लुक फॉरवर्ड टू द ट्रिप' बसतं, म्हणजे 'टू' नामाचा आहे आणि क्रियापद आलं तर ते आयएनजी घेऊनच: 'लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू'. 'वॉन्ट टू द ट्रिप' बसत नाही, म्हणून 'वॉन्ट टू मीट'. 'आय ॲम यूज्ड टू ट्रॅव्हलिंग' (सवय आहे) आणि 'आय यूज्ड टू ट्रॅव्हल' (पूर्वी करायचो) हा गोंधळही याच चाचणीने सुटतो. 'गेट अराउंड टू' ला पण आयएनजीच.

खाडीपलीकडे
वर नियम भरपूर झाले, मी फक्त चुकांचं सांगतो. आपल्या बऱ्याचशा चुका मराठीतून आत येतात.

'ऑफ द लाइट' हे वाक्य वर्गात ऐकू येतंच. कारण मराठीत 'लाइट ऑफ कर' म्हणताना 'ऑफ' हा 'बंद'सारखा वापरतो आणि 'कर' वेगळं असतं. इंग्रजीत ते 'कर' म्हणजे 'टर्न' किंवा 'स्विच', ते गाळता येत नाही. 'क्लोज द फॅन' पण 'पंखा बंद कर' मधूनच.

'गाडीतून उतर' चं 'गेट डाउन फ्रॉम द ट्रेन' होतं. आपल्याकडे सगळ्यांना कळतं, पण बाहेरच्या कानाला खटकतं. ट्रेन आणि बसला 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ', रिक्षा आणि कारला 'गेट इन' आणि 'गेट आउट ऑव्ह'. ज्यात उभं राहून चालता येतं त्याला 'ऑन', ज्यात वाकून बसावं लागतं त्याला 'इन', हा अंदाज बहुतेक ठिकाणी चालतो. सरावाचं वाक्य: 'गेट ऑन द वाशी लोकल ॲट ठाणे, गेट ऑफ ॲट घणसोली, देन गेट इन ॲन ऑटो.' 'गेट ऑफ' नंतर स्टेशन आलं तर 'ॲट'. गाडी आली तर मध्ये काही नाही, 'फ्रॉम' तर नाहीच.

'कोप अप विथ' हे 'कीप अप विथ' ची नक्कल आहे. बरोबर 'कोप विथ'. 'डिस्कस अबाउट' मधला 'अबाउट' आणि 'रिटर्न बॅक' मधला 'बॅक' काढून टाका. 'पास आउट' म्हणजे इथे पदवी घेणं, पण परदेशी माणसाला ऐकू येतं 'बेशुद्ध पडलो'. मुलाखतीत 'ग्रॅज्युएटेड' म्हणा.

वर_खाली
अर्थासाठी अजून एक धागा. 'ईट इट अप' म्हणजे 'खाऊन टाक', 'यूज इट अप' म्हणजे 'वापरून संपव'. आपल्या संयुक्त क्रियापदांत 'टाक' जे काम करतं, म्हणजे क्रिया पुरी झाल्याचं दाखवतं, तेच इथे 'अप' करतो. म्हणून तो 'वर' शोधायचा नाही. मात्र 'टाक' दिसला की 'अप' लावायचा असंही नाही. 'घर जाळून टाकलं' ला 'बर्न्ड डाउन', कारण इमारत कोसळते. कागद असेल तर 'बर्न्ड अप'.

नौपाडा_शिकवणी
'माळ्यावर' आणि 'वर' उद्याच फळ्यावर जाणार. 'टू द ट्रिप' तर पहिल्याच तासाला घेते. शेवटचं एक: महापेच्या ऑफिसांतून येणाऱ्या मुलांचं लाडकं वाक्य, 'फॉलो अप विथ द व्हेंडर ऑन द इन्व्हॉइस'. यात तीन सुटे शब्द आहेत. हे बरोबर आहे का?

ऐरोली_स्लो
बरोबर आहे. 'अप' क्रियापदाचा, 'विथ' माणसाचा, 'ऑन' विषयाचा. 'ऑन'च्या जागी 'अबाउट'ही चालेल. विषयच कर्म केला तर 'फॉलो इट अप', आणि मग 'ऑन' जातो. लिहिताना क्रियापद असेल तर दोन शब्द सुटे, नाम असेल तर मध्ये छोटी आडवी रेघ. 'लॉग इन' चंही तसंच: 'लॉग इन टू द पोर्टल' मध्ये 'इन' सुटा, 'लॉगइन पेज' मध्ये जोडलेला. आणि 'हँड द फॉर्म इन टू द क्लार्क' लिहिताना 'इन' आणि 'टू' चुकूनही जोडू देऊ नका, नाहीतर फॉर्म क्लार्कच्या पोटात जातो.