जाणत्यांना विचारायचं कधी, नकाशा काढण्याआधी की नंतर?

कोरडवाहू, मंगळवेढा:
आमच्या गावात पाणलोटाच्या कामाची बैठक झाली. नकाशा आधीच तयार. ग्रामस्थांच्या सूचनांना शेवटची १० मिनिटं. चुलते उठून म्हणाले, "खोल काळ्या रानात पाणी कोंडू नका, सांडवा ठेवून हळू काढा. भेगाळणाऱ्या मातीत बांध टिकत नाही." कुणी लिहून घेतलं नाही. दुसऱ्याच पावसाळ्यात बांध तीन ठिकाणी फुटला, खालच्या रानाची माती ओढ्याला गेली. माझं म्हणणं, जाणत्यांना आधी विचारा आणि त्यांचं सांगणं त्यांच्या नावानिशी आराखड्यात लिहा.

मोजमाप:
चुलत्यांचं खरं ठरलं, म्हणून जुनं सगळंच खरं का? उत्तरा-हस्त नक्षत्रांचा हिशोब धरून पेरलेली आमची ज्वारी २०२० च्या ऑक्टोबरातल्या पावसानं खरवडून नेली. पेवांचं, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांचंही असंच कौतुक चालतं. पेव उघडल्यावर घाईनं आत उतरलेली माणसं गुदमरून मेली आहेत, आणि उतरायचा तो गडी, मालक नव्हे. ज्ञान म्हणता ना, मग ते तपासून घ्या.

कोरडवाहू:
तपासायला माझी ना नाही. ज्वारीची माळदांडी ३५-१ ही जात कशी आली? १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात गावरान ज्वारीतूनच निवडून काढली. शास्त्रज्ञांचं श्रेय मोठंच आहे, पण निवडायला वाण शिल्लक होता तो कुणी जपला? माझी आजी खळ्यावर भरगच्च कणसं बाजूला काढायची, राखेत बी ठेवायची. कोळप्यानं वरवर माती हलवायच्या कोळपणीचंही तसंच. वरची माती भुसभुशीत झाली की भेगा बुजतात, ओल टिकते. आज शास्त्रज्ञही तेच सांगतात. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते ह्या रानाचं आणि ते कसणाऱ्यांचं आहे.

बार्शीची लेक:
दोघांनाही विचारते, त्या बैठकीत बायका किती होत्या? बी राखणारी आजी तुम्हाला आठवली ती वाद घालताना. बैठकीला बोलावलं असतं का तिला? रानात मेंढ्या बसवणारा धनगर पाच गावांची माती ओळखतो, पण तो मतदार दुसऱ्या गावचा, म्हणून त्याला निरोपच जात नाही. पारावरच्या चार पुरुषांना विचारून 'गावाचं ज्ञान घेतलं' लिहिणार असाल, तर माझा विरोध आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःचा वाण नोंदवता येतो. त्या अर्जावर तरी बाईचं नाव येऊ द्या.

मोजमाप:
ताई, हे मला पटलं, माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. नक्षत्रांबाबत मात्र मी मागे हटत नाही. गावात पर्जन्यमापक हवाच, आणि त्याची वही रोज भरली पाहिजे. कोरडवाहू, चुलत्यांनी सांडवा नेमका कुठं सांगितला होता आणि बांध कुठं फुटला? दोन्ही जागा रानात जाऊन मोजू. टेप मी आणतो.

कोरडवाहू:
रविवारी या. धनगरांचा मेंढवाडा सध्या ओढ्याच्या वरच आहे, त्यांनाही बोलावतो. ताई, आमच्या काकू पण येतील. ते रान खुरपतात त्याच.