मदत हवी आहे: शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाचं मतदान, उमेदवारी, पासपोर्ट

गोदाकाठ: गेवराई तालुक्यातल्या आमच्या गावचे एक काका. भारतीय दंड संहितेचं कलम 326 (घातक शस्त्रानं गंभीर दुखापत), 3 वर्षं सक्तमजुरी, निकाल नोव्हेंबर 2020. जून 2023 मध्ये हर्सूल कारागृहातून सुटले. मतदार यादीत नाव सापडत नाही. गावात म्हणतात, शिक्षा झाली की मतदान कायमचं गेलं. खरं आहे का? ग्रामपंचायतीला उभं राहता येईल? मुलाकडं दुबईला जायचंय, पासपोर्ट मिळेल?

बिंदुसरा: मतदान कायमचं जात नाही, काकांना हे आजच सांगा. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 चं कलम 62(5) फक्त तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असेपर्यंत रोखतं. सुटले की हक्क आपोआप परत, कुणाचा आदेश लागत नाही. (निवडणुकीतल्या लाचलुचपतीसारख्या गुन्ह्यांत 6 वर्षं बंदी असते, 326 त्यात बसत नाही.) घरी सापडले नाहीत म्हणून नाव वगळलं गेलं असेल. यादी नीट बघा, नावात चूक होऊन दुसरंच छापलं असेल तेही. नसेलच तर नमुना 6 (नवीन नाव नोंदवायचा अर्ज) बीएलओकडं (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी) किंवा तहसीलच्या निवडणूक शाखेत द्या आणि पोच घ्या. दुसऱ्या गावच्या यादीत असेल तर नमुना 8 (पत्ता बदलायचा अर्ज).

मांजराकाठ: उमेदवारीचं गणित वेगळं. ग्रामपंचायत अधिनियम 1958, कलम 14: शिक्षा 6 महिने किंवा जास्त असेल तर सुटकेपासून 5 वर्षं अपात्र. म्हणजे जून 2028. छाननीत एकेका दिवसावरून हरकत येते, म्हणून कारागृहातून सुटकेचा दाखला तारखेसह आत्ताच काढून ठेवा. आमदारकीला 2 वर्षं किंवा जास्त शिक्षा असेल तर सुटकेनंतर 6 वर्षं थांबावं लागतं.

अपील चालू आहे का? बरेच जण इथंच फसतात. जामीन मिळाला, शिक्षा स्थगित झाली, म्हणून अर्ज भरतात आणि तो बाद होतो. स्थगिती दोषसिद्धीलाच, म्हणजे दोषी ठरवल्याच्या निर्णयालाच हवी. ती वेगळी मागावी लागते आणि सहजासहजी मिळत नाही.

गोदाकाठ: अपील केलंच नाही. पासपोर्टचं?

बिंदुसरा: मग उमेदवारीसाठी 2028 धरून चला. पासपोर्ट कायदा 1967, कलम 6(2): अर्जाआधीच्या 5 वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरून किमान 2 वर्षं शिक्षा झाली असेल तर नाकारतात. इथं मोजणी दोषी ठरल्यापासून होते, सुटकेपासून नाही. त्यामुळं नोव्हेंबर 2025 उलटला की ही अडचण संपते. दुसरा फौजदारी खटला चालू असेल तर मात्र अडेल. अर्जात विचारलेलं काही लपवू नका, खोटी माहिती देणं हाच कलम 12 खाली गुन्हा आहे. निकालाची प्रमाणित नक्कल, सुटकेचा दाखला आणि दंडाची पावती जवळ ठेवा. वकील परवडत नसेल तर बीडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन करा.