कार्मेलाइट साधूंनी नाकारलेले चित्र: त्यांचे खरोखर चुकले होते का?

मेणबत्ती (धागाकर्ती)

काराव्हाज्जिओ या इटालियन चित्रकाराच्या ‘मरियेचा मृत्यू’ (मरिया म्हणजे येशूची आई) या चित्राची हकिकत नेहमी एकाच बाजूने सांगितली जाते. रोमच्या त्रास्तेव्हेरे भागातील सांता मारिया देल्ला स्काला या चर्चमधील एका वेदीसाठी एका वकिलाने १६०१ साली हे काम काराव्हाज्जिओकडे सोपवले. चित्र तयार झाल्यावर तेथील कार्मेलाइट या ख्रिस्ती संघाच्या साधूंनी ते नाकारले. पुढे रूबेन्स या चित्रकाराच्या सल्ल्यावरून मांतुआच्या ड्यूकने ते विकत घेतले आणि हातोहात फिरत ते पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात पोहोचले. साधू कर्मठ आणि चित्रकार काळाच्या पुढे, असा निष्कर्ष मग आपोआप काढला जातो. मला तो मान्य नाही.

आधी चित्रात काय आहे ते पाहू. वरच्या भागात भलामोठा लाल पडदा आहे. त्याखाली लाल वस्त्रातील एक स्त्री आखूड बिछान्यावर निष्प्राण पडली आहे. पोट फुगलेले, केस विस्कटलेले, पावले उघडी. भोवती प्रेषित, म्हणजे येशूचे शिष्य, खाली माना घालून उभे आहेत. पुढे येशूची अनुयायी मरिया मग्दालीया गुडघ्यांपर्यंत वाकून रडते आहे आणि तिच्यापाशी जमिनीवर तांब्याचे तसराळे ठेवलेले आहे. मृत स्त्रीच्या डोक्याभोवती केसाइतके बारीक सोनेरी वलय नसते, तर ही कोण हे ओळखता आले नसते.

हे चित्र महान आहे याविषयी वाद नाही. वाद आहे तो त्याच्या जागेविषयी. त्या काळी धर्मगुरू मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, अर्पण करताना वेदीकडे तोंड करून उभा राहत असे, म्हणजे हे चित्र रोज त्याच्या नजरेसमोर राहणार होते. कार्मेलाइट संघ मरियेला आपली संरक्षक माता मानतो आणि ती देहासह स्वर्गात उचलली गेली ही श्रद्धा तेव्हाही सर्वत्र रुजलेली होती, जरी तिला अधिकृत सिद्धान्ताचे रूप १९५० साली मिळाले. चित्रात त्या श्रद्धेची खूणही नाही. त्यात एका गणिकेला समोर बसवून मरिया रंगवल्याचा प्रवाद तेव्हाच पसरला होता. साधूंनी नंतर सारासेनी या चित्रकाराकडून दुसरे चित्र करून घेतले, तर त्याचाही पहिला प्रयत्न परत पाठवला. वरती देवदूतांनी भरलेला स्वर्ग आल्यावरच ते वेदीवर चढले. त्यांना काय हवे होते ते त्यांना नेमके ठाऊक होते, आणि पवित्र व्यक्तीचे चित्र मागणाऱ्याला तेवढा अधिकार असावा, असे माझे मत आहे.

गेरू

अधिकार होता हे मान्य, पण तो योग्य रीतीने वापरला गेला हे मान्य नाही. वेदीवरचे चित्र उदात्तच असावे, हा नियम आपण कोठून आणला? ग्र्यूनेवाल्ड या जर्मन चित्रकाराने साधारण १५१२ ते १५१६ या काळात इझेनहाइमच्या मठासाठी रंगवलेली, दारांसारख्या उघडणाऱ्या फळ्यांची वेदी आज फ्रान्समधील कोलमारमध्ये आहे. तिच्यावरचा क्रुसावरील येशू काराव्हाज्जिओच्या मरियेहून शतपटीने भीषण आहे. हातांची बोटे वेडीवाकडी ताणलेली, ओठ निळसर, आणि कातडी हिरवट पडून अंगभर काटे व फोड. या मठात संत अँथनीच्या आगीने पोळलेल्या रोग्यांची शुश्रूषा होत असे. बुरशी लागलेल्या राईच्या भाकरीतून होणाऱ्या त्या रोगात अंगाची आग होई आणि हातपाय झडत. असा रोगी या वेदीसमोर आणला जाई, तेव्हा त्याला स्वतःचीच कातडी येशूच्या अंगावर दिसत असे. चित्र ‘शोभिवंत’ असते, तर त्या माणसाला त्याचा काय उपयोग होता? साधूंनी तेथे ते नाकारले नाही, उलट मागवून घेतले, हे आपल्या युक्तिवादात बसत नाही.

सोनपान

मी मेणबत्ती यांच्या बाजूचा आहे, मात्र माझे कारण वेगळे आहे. आपण दोघेही पश्चिमेकडील चर्चपुरते बोलत आहात. पूर्वेकडच्या (आजच्या ऑर्थोडॉक्स) चर्चमध्ये हा प्रश्न कोणा चित्रकाराच्या मर्जीवर कधी सोडलाच नव्हता. ख्रिस्ताला कोकराच्या रूपात न दाखवता मानवी रूपात दाखवावे, असे ६९२ सालच्या धर्मपरिषदेने ठरवले. त्यानंतर मूर्तिभंजनाचे भयंकर पर्व आले आणि ७८७ साली निकिया येथील दुसऱ्या परिषदेने स्पष्ट केले की प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीकडे पोहोचतो. आराधना मात्र केवळ देवाची. एकदा हे मान्य केले की चेहरा मनाला येईल तसा बदलता येत नाही, कारण मान पोहोचायचा तर कोणाकडे पोहोचायचा हे ओळखू यायला हवे. म्हणूनच १५५१ साली मॉस्कोच्या परिषदेने चित्रकारांना रुब्लेव्ह या जुन्या रशियन प्रतिमाकाराच्या परंपरेप्रमाणे रंगवण्याची सूचना दिली.

यात कलेचा गळा घोटला जातो असे कोणी म्हणेल. त्याने सिनाई पर्वताच्या पायथ्याच्या संत कॅथरीन मठातील ख्रिस्ताची सहाव्या शतकातील प्रतिमा पाहावी. मेणात कालवलेल्या रंगांनी काढलेल्या त्या चेहऱ्याचा एक अर्धा भाग शांत आहे आणि दुसरा कठोर. तळहाताने आळीपाळीने एकेक बाजू झाकून पाहिल्यास दोन निराळी माणसे दिसतात. चौकट आखून दिली म्हणून त्या चित्रकाराला काही कमी पडल्याचे मला जाणवत नाही.

गेरू

चौकट आखण्यापूर्वी काय होते तेही सांगावे. सिरियातील दूरा-युरोपोस येथे तिसऱ्या शतकातील घरात भरणाऱ्या चर्चच्या भिंतीवर येशू हा खांद्यावर मेंढी घेतलेला दाढी नसलेला मेंढपाळ आहे. राव्हेन्नाच्या सान व्हिताले चर्चमध्ये ५४७ च्या सुमारासही तो जांभळ्या वस्त्रातील बिनदाढीचा तरुण आहे आणि निळ्या गोलावर बसला आहे. म्हणजे पाचशे वर्षे ख्रिस्ती लोक त्याला निरनिराळ्या चेहऱ्यांनी ओळखत होते आणि कोणाचाही मान भलत्याकडे गेला नाही.

खाडीपलीकडचा

या वादात एक नाव यायलाच हवे. आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव बेटावर झाला. वैद्यकीय शिक्षण सोडून ते चित्रकलेकडे वळले आणि शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या हाताखाली शिकले. त्यांची मरिया साडी नेसते, सावळ्या रंगाची आहे आणि मांडीवर मूल घेऊन आपल्याकडच्या बायका बसतात तशी बसते. पोर्तुगीज गोव्यातील काही धर्मगुरूंना व प्रतिष्ठितांना हे पवित्र प्रतिमेचे विडंबन वाटले. फोन्सेकांनी गोवा सोडला आणि उर्वरित आयुष्य बहुतांशी पुण्यात, ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमाच्या आश्रयाने काढले. त्यांची बरीच चित्रे आज गोव्यात पर्वरी येथील संशोधन केंद्रात आहेत, म्हणजे मृत्यूनंतर का होईना ती घरी परतली.

आता मेणबत्ती यांना विचारतो. आपल्या तत्त्वाप्रमाणे त्या धर्मगुरूंचेही बरोबरच ठरते ना? त्यांनाही काय हवे होते ते ठाऊक होते. फक्त त्यांना हवी असलेली गोरीपान मरिया कोणा इटालियन किंवा पोर्तुगीज चित्रकाराची शेजारीण होती, आणि परक्याची शेजारीण म्हणून तिच्यात त्यांना काही खटकले नाही. आमच्या घरात आजीने लावलेली तसबीर अशीच छापील होती, फिकट तपकिरी केसांच्या येशूची. आजी रोज तिच्यापुढे उदबत्ती लावी. पण तो आपल्या गावचा असू शकेल असे तिला कधी वाटले असेल, असे मला वाटत नाही.

मेणबत्ती (धागाकर्ती)

फोन्सेकांच्या बाबतीत मी अडचणीत आले, हे कबूल करते. त्यांना विरोध करणारे चुकले असे मला मनापासून वाटते, मग कार्मेलाइटांना मी कोणत्या तोंडाने बरोबर म्हणू? मला दिसणारा फरक असा: फोन्सेकांच्या मरियेकडे पाहून कोणीही हात जोडेल; तिचा वेष बदलला, पण तिचे मरियापण तसेच राहिले. काराव्हाज्जिओच्या चित्रासमोर माणूस हात जोडत नाही, तो गप्प होतो. गेरू म्हणतील की हीही प्रार्थनाच. असेल, तरी इझेनहाइमच्या वेदीची दारे उघडली की आत पुनरुत्थित ख्रिस्त प्रकाशाच्या वर्तुळात वर जाताना दिसतो, आणि रोग्यांना कातडीबरोबर तोही दाखवला जात असे. काराव्हाज्जिओच्या चित्राला तसे दार नाही.

एवढे मात्र झाले की तांब्याच्या त्या तसराळ्याकडे मी आजवर केवळ सामान म्हणून पाहत होते. मृताला स्नान घालण्यासाठी ते आणून ठेवले आहे आणि अजून कोणाचा हात त्याला लागलेला नाही, कारण सगळे रडत आहेत. हे फार जवळून पाहिलेले आहे. लूव्ह्रमध्ये त्यापुढे तासभर उभी राहीन, पण वेदीवर लावायचे असते तर मीही ते परतच केले असते.