वाढावा, नफा की वरकड?

येरळाकाठ:
सहकारी संस्थांच्या करआकारणीवरची एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणायची आहे. वाचक म्हणजे सांगली जिल्ह्यातले सोसायट्यांचे सचिव. एका वाक्यावर घोडं अडलंय. मूळ मुद्दा असा, की सहकारी संस्थेकडे वर्षाअखेर जे 'सरप्लस' उरतं ते 'प्रॉफिट' नव्हे, म्हणून त्यावर कंपनीसारखा कर नको. मसुद्यात 'वाढावा' होतं. एका तपासनिसाने ते खोडून 'आधिक्य' केलं. दुसऱ्याने 'लोकांना कळेल असं लिहा' म्हणत 'नफा' केलं. आता वाक्य असं झालंय: 'सहकारी संस्थेचा नफा हा नफा नसतो.' काय ठेवावं?

बोरूबहाद्दर:
'वाढावा' ठेवा आणि कुणाचं ऐकू नका. मेळावा, बोलावा, ओलावा यांच्या घरातला शब्द आहे, क्रियापदाला 'आवा' लागून झालेला. 'आधिक्य' पाठ्यपुस्तकातून बाहेर येत नाही आणि 'अधिशेष' तर हिंदी परिपत्रकातून उचललेला. नगरपालिकेचं बजेट आपण अजून 'शिलकी अंदाजपत्रक' म्हणतो. तोही चालेल.

आटपाडी:
ओलावा 'ओला'पासून आलाय सर, क्रियापदापासून नाही.

बोरूबहाद्दर:
डोळे ओलावतात ना?

ताळेबंद:
शब्द गोड आहे म्हणून बसत नाही, जागा बघा. वाचनालय किंवा शिक्षणसंस्था आय-व्यय पत्रक काढते. त्याच्या तळाशी 'वाढावा' नाहीतर 'तूट' येते. विकास सोसायटी, पतसंस्था, साखर कारखाना हे नफा-तोटा पत्रक काढतात. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातलं कलम 65 नफा कसा ठरवायचा ते सांगतं. 66 प्रमाणे त्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीला जातो आणि 67 लाभांशाला साधारण 15 टक्क्यांचं कुंपण घालतं. वार्षिक सभेच्या नोटिशीतही विषय असतो 'अहवाल सालातील नफा वाटणीस मंजुरी देणे'. सभेत नफा वाटायचा आणि प्राप्तिकर अधिकाऱ्यापुढे त्यालाच वाढावा म्हणायचं, हे टिकत नाही.

हळदवायदा:
मग सरळ नफा म्हणा आणि कर भरा. सवलती सोडणाऱ्या कंपनीला 22 टक्के दर आहे, सवलती सोडणाऱ्या सहकारी संस्थेलाही 22 च. त्यावर 10 टक्के अधिभार, त्यावर 4 टक्के उपकर, दोघांना पडतो 25.168. सरकारने दोघांना एका पंगतीत बसवलंय. शब्दाचे लाड कशासाठी?

ताळेबंद:
दर सारखा आहे, पण 22 टक्के कशावर? सगळं भांडण त्या 'कशावर'चं आहे, आणि ते आपल्याच जिल्ह्यात झालंय. तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये निकाल दिला. प्रश्न असा होता. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातल्या कलम 3 प्रमाणे किमान वैधानिक दर हंगामाआधी ठरायचा. कलम 5अ प्रमाणे जादा दर हंगाम संपल्यावर, हिशेब हातात आल्यावर ठरायचा. प्राप्तिकर खातं म्हणालं, हिशेबानंतर ठरला म्हणजे ही नफ्याची वाटणी, हा खर्च धरता येणार नाही. कारखान्यांचं म्हणणं, तोच दर बिगर सभासदालाही दिलाय, मग वाटणी कसली? न्यायालयाने मधला रस्ता काढला: जादा दरात नफ्याचा जेवढा अंश आहे तेवढी नफावाटणी, बाकीचा खर्च, आणि तो अंश किती ते अधिकाऱ्याने कारखान्याचे हिशेब बघून ठरवावं.

अडचण तिथूनच सुरू झाली. पंधरा-वीस वर्षांमागच्या हंगामाच्या बिलात नफ्याचा अंश नेमका किती, हे सुटं करायला त्या वेळचा ताळेबंद, सरकारने मान्य केलेला दर आणि प्रत्यक्ष दिलेला दर अशी तिन्ही कागदं जुळावी लागतात. ती क्वचित जुळतात.

हळदवायदा:
हा प्रश्न आता निकालात निघाला ना?

ताळेबंद:
पुढच्यासाठी 2015 च्या अर्थसंकल्पात. सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंत दिलेली उसाची किंमत खर्च धरायची, अशी तरतूद करनिर्धारण वर्ष (असेसमेंट इयर) 2016-17 पासून लागू झाली. मागच्या वर्षांसाठी थेट 2023 च्या अर्थसंकल्पात, आणि तिथे अर्थमंत्र्यांनी सांगितलेला दिलाशाचा आकडा सुमारे 10,000 कोटींचा होता. एक बारकावा सुटतो. सूट 'मान्य दरापर्यंत' आहे. मान्य दरापेक्षा कारखान्याने वर काही दिलं, तर त्या वरच्या भागाला जुनं भांडण अजून चिकटलेलं आहे.

आटपाडी:
म्हणून म्हणतो, नफा आणि वाढावा दोन्ही बाजूला ठेवा. शेतकऱ्याचा शब्द 'हप्ता' आहे. पहिली उचल, दुसरा हप्ता, दिवाळीचा हप्ता. हप्ता म्हणजे ठरलेल्या रकमेचा राहिलेला भाग, देणं. दूध संघाचं बघा, दिवाळीला 'दरफरक' मिळतो. तोही किमतीतलाच फरक, घातलेल्या लिटरवर मोजलेला. बातमीदार मात्र दोन्हींना 'बोनस' म्हणतात. बोनस म्हटलं की देणाऱ्याचं औदार्य झालं.

आणि फरक नुसता कानाला नाही. उसाची किंमत असेल तर शेतकऱ्याच्या हातात ते शेतीउत्पन्न, प्राप्तिकर नाही. लाभांश असेल तर करपात्र. एकाच रकमेला दोन नावं दिली की संस्था आणि सभासद दोघांचं गणित फिरतं.

बोरूबहाद्दर:
'दरफरक' उत्तम मराठी समास आहे.

डावा कालवा:
'दर' फारसी, 'फरक' अरबी. असू दे, उत्तमच आहे. पण तुम्ही सगळे एक शब्द टाळताय: 'वरकड'. मार्क्सच्या 'सरप्लस व्हॅल्यू'ला मराठीत 'वरकड मूल्य' रुळलंय. वाढावा म्हटलं की पैसा आपोआप वाढला असं वाटतं. वरकड म्हटलं की कुणाच्या तरी श्रमातून उरला हे दिसतं. फडात कोयता चालवणारं जोडपं कारखान्याचं सभासद नसतं. त्यांच्या हातात मुकादमाकडून घेतलेली उचल असते, भागभांडवल नसतं. सभासदाचा वाढावा हा तोडकऱ्याचा वरकड आहे.

हळदवायदा:
आणि खासगी कारखान्यात?

डावा कालवा:
तिथेही. फक्त तिथे कुणी त्याला सहकार म्हणत नाही.

आटपाडी:
वरकड म्हणजे 'वर' आणि 'कड', कडेला वर राहिलेलं. धान्य मोजताना माप भरून जे सांडतं ते.

बोरूबहाद्दर:
रचलेली व्युत्पत्ती आहे ही. जुन्या कागदपत्रांत 'वरकड' म्हणजे नुसतं 'बाकीचे, इतर'. 'वरकड खर्च' आजही त्याच अर्थाने येतो. मूल्याशी त्याची सोयरीक डाव्यांनी लावली.

डावा कालवा:
सोयरीक टिकली ना? मग झालं.

हळदवायदा:
माझा मुद्दा शब्दांच्या पलीकडचा आहे. टनाला 3,000 रुपये खासगी कारखान्याने दिले की तो खर्च, कुणी विचारत नाही. तेच सहकारीने दिले की 'यात नफा किती' ही चौकशी व्हायची. म्हणजे समाजवादाच्या नावाने काढलेल्या संस्थेला भांडवलदारापेक्षा जास्त जाच. दुसरीकडे खासगीने कमी दर देऊन नफा ठेवला तर त्यावर कर भरतो आणि उरलेला मालकाला. सहकारीने तोच पैसा दरातून वाटला तर करापुरतं उत्पन्नच उरत नाही. एकाच्या बाजूने बोलावं तर दुसऱ्याचा मुद्दाही खरा निघतो.

ताळेबंद:
कसोटी एकच: वाटणी कशाच्या प्रमाणात? भागांच्या, म्हणजे शेअरच्या, प्रमाणात असेल तर नफा. घातलेल्या उसाच्या किंवा दुधाच्या प्रमाणात असेल तर ती किमतीची दुरुस्ती. ज्याच्याकडे भाग सारखेच पण ऊस दुप्पट, त्याला दुप्पट मिळालं का, एवढं बघा. येरळाकाठ, पहिल्याला 'लाभांश', दुसऱ्याला 'दरफरक' आणि वाटणीआधीच्या ढिगाला 'वाढावा' लिहा. तीन शब्द लागतील, एकाने भागणार नाही. आणि 2013 च्या राज्याच्या ऊसदर कायद्यातलं महसूल विभागणी सूत्र यांपैकी कशातच बसत नाही. साखर आणि उपपदार्थांच्या महसुलाचे 70 टक्के किंवा नुसत्या साखरेचे 75 टक्के शेतकऱ्याला. तिथे वाटला जातो महसूल, नफा ठरण्याच्या आधीच.

बोरूबहाद्दर:
'करनिर्धारण वर्ष' हाही शब्द जाणार म्हणे. 2025 च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात सरळ 'कर वर्ष' आहे. हा बदल मात्र स्वागतार्ह. आता 'अधिभार' आणि 'उपकर' यांतला घोळ कुणी मिटवला तर बरं.

ताळेबंद:
घोळ नाही. अधिभार हा करावरचा कर, उत्पन्नावरचा नाही. 1973-74 मध्ये सर्वांत वरचा दर 85 टक्के होता, त्यावर 15 टक्के अधिभार. लोक 85 अधिक 15 करून 100 म्हणतात. खरं उत्तर 85 गुणिले 1.15, म्हणजे 97.75. उपकर ठरलेल्या कामासाठी असतो, आरोग्य आणि शिक्षणाचा 4 टक्के उपकर हे उदाहरण. केंद्र दोन्हींत राज्यांना वाटा देत नाही.

डावा कालवा:
97.75! त्याला समाजवाद म्हणायचे.

हळदवायदा:
त्याला करबुडवेगिरीचं आमंत्रण म्हणायचे. कर न दिसणारा असला की मात्र कुणी ओरडत नाही. एफआरपीचा, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दराचा, बेस बघा. 2018-19 ला पायाभूत उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) 9.5 वरून 10 टक्के केला. दर क्विंटलला 255 वरून 275 झाला, 'टनाला 200 वाढले' असे मथळे आले.

ताळेबंद:
जुन्या सूत्रात 9.5 च्या वर दर 0.1 टक्क्याला 2.68 रुपये होते. म्हणजे 10 टक्के उताऱ्याच्या उसाला जुन्या हिशेबानेच 268.40 मिळाले असते. खरी वाढ क्विंटलला 6.60, टनाला 66. बाकीचे 134 पाया सरकवण्यात गेले. 2022-23 ला पाया पुन्हा सरकला, 10.25 वर.

आटपाडी:
आमच्याकडे उतारा 12 लागतो. तिथे किती?

ताळेबंद:
जुनं 255 अधिक 25 गुणिले 2.68, म्हणजे 322. नवं 275 अधिक 20 गुणिले 2.75, म्हणजे 330. खरी वाढ टनाला 80.

आटपाडी:
मग हे जे मधल्यामध्ये गेलं, त्याला शब्द काय? कर म्हणता येत नाही, कपात म्हणावी तर बिलावर दिसत नाही.

बोरूबहाद्दर:
'काटामारी' आहे की.

ताळेबंद:
काटामारी वजनात होते. इथे वजन बरोबर आहे.