मोरोक्को: मार्ग, मुक्काम आणि रियादची गणितं (तुमचे अनुभव लिहा)

मोरोक्कोला निघालेल्यांचे प्रश्न तेच तेच असतात: किती दिवस, मुक्काम कुठे, हॉटेल की रियाद (जुन्या वाड्यातलं पाहुणेघर), शाकाहारी माणसाचं काय. जाऊन आलेल्यांनी आणि तिथे राहणाऱ्यांनी इथे लिहावं. ‘खूप मजा आली’ नको; कुठे अडतं आणि का, ते हवंय.

* * *

आधी नकाशा. दहा दिवसांत कासाब्लांका, फेस, मेर्झूगा (वाळवंटाकाठचं गाव) आणि मराकेश बसतं, पण एकाच दिशेने गेलात तर. दुबई किंवा दोहामार्गे कासाब्लांकात उतरा, रेल्वेने राबात करून फेस, तिथून गाडीने मेर्झूगा (सुमारे ४६० किमी, थांबत गेलं तर अख्खा दिवस), मग दादेस किंवा वार्झाझातला एक रात्र टाकून टिझी-न-टिश्का घाटाने मराकेश. घाट २,२६० मीटरवर आहे आणि हिवाळ्यात बर्फाने कधी कधी बंद होतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत परतीच्या विमानाआधी एक दिवस हातचा ठेवा.

मराकेशहून वाळवंट करून परत मराकेशलाच यायचं म्हणजे साडेपाचशे किमी दोनदा. ‘दोन दिवसांची वाळवंट सहल’ विकत घेताना गावाचं नाव विचारा. ती बहुधा झागोराची असते. फोटोतल्या उंच टेकड्या मेर्झूगाजवळच्या अर्ग शेब्बीत आहेत आणि त्यांना तीन दिवस लागतात. आगाफाय मराकेशपासून तासाभरावर असलं तरी ते दगडगोट्यांचं माळरान आहे, वाळू नाही. तंबूंचे फोटो सगळीकडे सारखेच!

* * *

वाहतुकीबद्दल थोडं. टँजियर ते कासाब्लांका ‘अल बोराक’ ही वेगवान गाडी २०१८पासून धावते, सव्वादोन तासांच्या आत पोचवते. कासाब्लांका ते मराकेश साध्या गाडीने पावणेतीन तास धरा. शेफशाउएन, एसाविरा, मेर्झूगा इथे रेल्वे नाही. सीटीएम किंवा सुप्राटूरच्या बस. तिकीट आदल्या दिवशी काढा, सीटीएमवर डिकीतल्या बॅगेची वेगळी चिठ्ठी करावी लागते, त्यामुळे अर्धा तास आधी पोचा.

शहरातली छोटी ‘पती टॅक्सी’ तीनच प्रवासी घेते. चौघांचं कुटुंब असेल तर दोन टॅक्स्या करा नाहीतर मोठी ‘ग्राँ टॅक्सी’. चालकाशी हुज्जत घालून उपयोग नाही, नियमच तसा आहे. बसतानाच ‘कोंतर’ म्हणजे मीटर टाकायला सांगा. रात्रीचा दर दीडपट असतो, ती फसवणूक नव्हे.

* * *

रियादवर सविस्तर लिहिते, कारण चुका इथेच होतात.

रियाद म्हणजे आपला चौसोपी वाडा समजा. बाहेरून कोरी भिंत आणि एक दार, आत चौक, चौकात कारंजं, भोवती दोन-तीन मजले, वर गच्ची. (काटेकोर बोलायचं तर चौकात बाग असेल तर रियाद, नसेल तर ‘दार’.) फायदे वाड्याचे आणि तोटेही वाड्याचेच. खिडक्या आत चौकात उघडतात, म्हणून तळमजल्याची खोली भर दुपारी अंधारी आणि सकाळी नाश्त्याच्या भांड्यांचा आवाज थेट उशाशी. लिफ्ट नसते, जिना अरुंद, टाइल्सचा, पायऱ्या उंच. गुडघे दुखणारं कोणी असेल तर तळमजला लेखी मागून घ्या, बाकीच्यांनी पहिला मजला घ्यावा. गच्चीलगतची खोली जुलै-ऑगस्टमध्ये भट्टी होते. आणि बाथरूमचे फोटो नीट बघा: बऱ्याच जुन्या घरांत दार नसतं, नुसता पडदा. आई-वडील किंवा मोठी मुलं एकाच खोलीत असतील तर हे आधीच विचारलेलं बरं.

बुकिंगपूर्वी तीन गोष्टी मेसेज करून विचारा: गाडी कुठपर्यंत येते, तिथून चालत किती मिनिटं, न्यायला माणूस येईल का. जुन्या शहराच्या, म्हणजे मदिनेच्या, अरुंद गल्ल्यांत चारचाकी शिरतच नाही. फेसमध्ये बताह, बाब बूजलूद, ऐन अझ्लितेन किंवा र्सिफ यांपैकी एका ठिकाणी उतरायचं आणि पुढे बॅगा ढकलगाडीवर. तला केबीरा ही मुख्य गल्ली बाब बूजलूदपासून उतरत जाते, त्यामुळे येताना सोपं वाटतं. निघताना तीच चढण बॅगेसकट. मध्येच ‘बालाक!’ ऐकू आलं की भिंतीला चिकटा, मागून लादलेलं खेचर येतंय. मंडईतल्या हमालाच्या ‘साईड, साईड’चाच हा भाऊ. मराकेशच्या गल्ल्यांत खेचरांऐवजी स्कूटर, त्या ओरडतही नाहीत.

हिवाळ्यात गरम करायची सोय कोणती हे नक्की विचारा. जाड भिंती आणि टाइल्सची फरशी यामुळे फेस आणि शेफशाउएनला रात्री खोली बाहेरपेक्षा गार वाटते. एसी उलटा चालवून गरम हवा देतात. तो नसेल तर नुसत्या ब्लँकेटवर भागत नाही.

* * *

वरच्या प्रतिसादात भर. उतरायच्या ठिकाणी ‘तुमचा रियाद बंद झालाय’ किंवा ‘हा रस्ता बंद आहे’ सांगणारी पोरं हमखास भेटतात. न थांबता ‘ला, शुक्रन’ म्हणून पुढे चला. मागे लागून दाखवलेल्या वाटेचे पैसे शेवटी मागतातच. फोनवरचा नकाशा आधीच उतरवून ठेवा, पण छपराच्या गल्ल्यांत निळा ठिपका भरकटतो. म्हणून रियादकडून दाराचा आणि शेवटच्या वळणाचा फोटो मागवून ठेवा.

* * *

व्हिसा: शेंगेन, अमेरिका किंवा ब्रिटनचा वैध व्हिसा हाताशी असेल तर ई-व्हिसाची वाट आहे; त्याच्या मुदतीची अट अर्ज भरण्याआधी तपासा. बुकिंगच्या कागदावर प्रत्येकाचं नाव पासपोर्टप्रमाणे हवं. साइट एकाच पाहुण्याचं नाव छापते आणि आपल्याकडे मधल्या नावाचा घोळ असतो. हॉटेलला लिहून सर्वांची नावं घालून घ्या.

* * *

शाकाहाऱ्यांसाठी: ‘भाजीचं’ म्हटलं म्हणजे मांस नाही असं तिथे गृहीत धरत नाहीत. सात भाज्यांचा कुसकुस (रव्याच्या बारीक कण्या) बहुधा मांसाच्या रश्श्यावरच वाफवलेला असतो, हरीरा सुपातही मांसाचे तुकडे पडतात. ‘ब्ला ल्हम’ (मांसाशिवाय) सांगा, आणि रस्साही नको हे वेगळं सांगा. रियादला सकाळीच कळवलं तर रात्री भाज्यांचं ताजीन (झाकणाच्या मातीच्या भांड्यात शिजवलेलं कालवण) वेगळं लावतात. ते मंद आचेवर तासभर तरी शिजतं, आयत्या वेळी मिळत नाही. भरवशाच्या गोष्टी: झालूक (वांग्याच्या भरताची सख्खी बहीण, टोमॅटो-लसूण घातलेली), तक्तूका (ढोबळी मिरची-टोमॅटोची), सुकवलेल्या बाकल्याची (फावा बीन्सची) सुपासारखी घट्ट बिसारा, वर जिरेपूड आणि ऑलिव्ह तेल. टपरीवरच्या बिसाराचीही एकदा खात्री करून घ्या. नाश्त्याला घडीच्या पराठ्यासारखी म्सेमेन.

* * *

पैसे: रुपये तिथे बदलून मिळत नाहीत, युरो न्या. १ युरोला साधारण १०-११ दिरहम. दिरहम देशाबाहेर नेण्यावर मर्यादा आहे आणि भारतात ते कोणी घेत नाही, म्हणून थोडे थोडे बदला आणि पावती जपा. विमानतळावर उरलेले परत बदलताना ती मागतात. ऑनलाइन पूर्ण पैसे भरले तरी माणशी, रात्रीमागे पर्यटन कर बऱ्याचदा वेगळा आणि रोख द्यावा लागतो. चेक-इनला पोलिसांचा फॉर्म भरतात, त्यासाठी पासपोर्टवरचा प्रवेशशिक्का शोधतात. तो कुठल्या पानावर आहे बघून ठेवा.

* * *

दोन गोष्टी राहिल्या. ड्रोन नेऊ नका, कस्टम्समध्ये काढून घेतात. आणि रमजानात घड्याळ एक तास मागे जातं, महिना संपला की पुन्हा पुढे. घड्याळ बदलतं त्या रविवारी रेल्वे किंवा विमान असेल तर फोनवर विसंबू नका, रियादच्या माणसाला वेळ विचारून झोपा.