हातात नक्की किती येतात?

डी-५०१ (मुळे ताई): नमस्कार मंडळी. आमचा धाकटा यंदा बारावीला आहे, त्यामुळे पुढे काय यावर घरात रोज बोलणं चालतं. नातेवाइकांकडून नुसते आकडे ऐकू येतात, अमक्याला बारा लाखांचं पॅकेज, तमक्याला महिना दोन लाख. आपल्या सोसायटीत इतक्या तऱ्हेच्या नोकऱ्यांतली माणसं आहेत. हातात खरंच किती पडतात आणि त्यापायी काय सोसावं लागतं, हे संकोच न करता सांगाल का?

ए-२०३ (पाटील): ताई, आयटीचं मी सांगतो. पुतण्या नुकताच लागलाय, त्याचं ऑफर लेटर मीच वाचलं. पॅकेज ४ लाख २० हजार, म्हणजे ऐकायला महिना ३५ हजार. त्यातले साडेतीन हजार ‘व्हेरिएबल’, वर्षाअखेरीस कंपनीला वाटलं तर. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीचे सातशेच्या वर, विम्याचे पाचशे, हेही त्याच ३५ मध्ये धरलेले. पुढे त्याच्या स्वतःच्या वाट्याचे १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो. बँकेत जमा होतात साडेसव्वीस हजार. हिंजवडीजवळ तिघांत मिळून खोली, डबा, पेट्रोल. घरी पाठवायला किती उरत असतील, तुम्हीच बघा.

ए-२०३ (पाटील): आणि ग्रॅच्युइटी पाच वर्षं टिकला तर. हल्ली पोरं दोन वर्षांत नोकरी बदलतात, म्हणजे ती रक्कम कागदावरच राहते. पुढे पगार वाढतो हे मात्र खरं. माझा वाढला. पण चाळिशीनंतर प्रोजेक्ट संपून ‘बेंच’वर, म्हणजे हाताला काम नसताना बसलं की रात्री झोप लागत नाही, हेही त्याला सांगा.

बी-१०४ (शिंदे मॅडम): शिक्षकीचं बघा. भरती झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. प्राथमिकला मानधन ६ हजार होतं, २०२३ पासून १६ हजार झालं. तीन वर्षांनी नियमित श्रेणी, मूळ वेतन २९,२०० पासून, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. नोकरी स्थिर, मुलांमध्ये राहायला मिळतं, मला दुसरं काही नकोच होतं. पण निवडणूक, सर्वेक्षणं, रोजची ऑनलाइन माहिती भरणं, यात शिकवायचा वेळ जातो. सासऱ्यांना शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन मिळते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ चा संप त्यासाठीच होता.

सी-३०२ (नाईक): बँकेतही तेच. १ एप्रिल २०१० नंतर लागलेल्यांना जुन्या पेन्शनऐवजी एनपीएस, म्हणजे दरमहा पगारातून पैसे भरायची नवी पेन्शन योजना. फायदा म्हणजे स्टाफला घरकर्ज कमी व्याजानं मिळतं. अधिकारी झालात की बदल्या. माझी मुलगी तीन शाळांमध्ये शिकली.

ए-१०२ (सेक्रेटरी): टँकर आला आहे. सी विंगचं पाणी अर्ध्या तासात सुरू होईल.

बी-४०३ (सावंत काका): ते ‘महिना दोन लाख’ बहुतेक मर्चंट नेव्हीचे असणार. मी जहाजावर होतो म्हणून सांगतो. पगार मिळतो तो जहाजावर असेपर्यंतचाच. सहा-सात महिन्यांचा करार संपवून घरी आलात की पुढचं बोलावणं येईपर्यंत बहुतेकांचा पगार बंद, म्हणून तो आकडा बाराने गुणू नये. परदेशी पाण्यात पुरेसे दिवस भरले तर अनिवासी म्हणून कर वाचतो, हा मोठा फायदा. आई गेली तेव्हा मी अटलांटिकमध्ये होतो. ताई, एक गोष्ट लक्षात ठेवा, नोकरी लावून देतो म्हणून कोणी एजंट लाखो रुपये मागत असेल तर एक पैसा देऊ नका. जहाजावर माणसं भरायचा सरकारी परवाना, डीजी शिपिंगचा आरपीएसएल, त्याच्याकडे आहे का, ते आधी तपासा. आमच्या गावच्या दोन मुलांचे पैसे असेच बुडाले.

सी-२०१ (जाधव): त्यापेक्षा प्लंबिंग शिकवा. आमचा प्लंबर एका भेटीचे पाचशे घेतो.

डी-२०२ (कांबळे सिस्टर): जाधव भाऊ, त्याला आजारपणाची रजा नाही, पीएफ नाही, पावसाळ्यात काम निम्मं. हुन्नर चांगलाच आहे, पण भेटीच्या पाचशेवरून महिन्याचा हिशोब होत नाही. आमचं नर्सिंगचंही असंच. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीनं पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यातही नर्सला किमान २० हजार द्या म्हटलं होतं. मी त्यानंतरही चौदा हजारांत नाइट केल्या आहेत, तीस पेशंटमागे आम्ही दोघी. सरकारी भरतीत निवड झाली तेव्हा पगार दुपटीपेक्षा जास्त झाला, काम तेच.

मुळे ताई: सगळ्यांचे मनापासून आभार. हे इतकं स्पष्ट कोणीच सांगत नाही.

ए-४०१ (खजिनदार): पगाराचा विषय निघालाच आहे तर आपल्या गेटवरचंही बोलतो. एका वॉचमनमागे आपण एजन्सीला २३ हजार देतो. काल रात्री मी ड्युटीवरच्या दादांना विचारलं. हातात १३,५०० येतात. संध्याकाळी सात ते सकाळी सात, आठवड्याची सुट्टी नाही, एक दिवस आला नाही की खाडा. तीस दिवस बारा तास धरले तर तासाला साडेसदतीस रुपये पडतात. त्यांच्याच मोबाइलवर उमंग अ‍ॅपमध्ये पीएफचं पासबुक उघडलं. शेवटची नोंद आठ महिन्यांपूर्वीची. ईएसआयसीचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड त्यांनी पाहिलेलंच नाही. गेल्या महिन्यात बायकोच्या ऑपरेशनसाठी त्यांनी उचल घेतली. कार्ड असतं तर तो खर्च निघाला असता.

सी-३०२ (नाईक): हा एजन्सीचा आणि त्यांचा प्रश्न ना? आपण बिल वेळेवर भरतो. मेंटेनन्स वाढवायचा असेल तर माझा विरोध.

खजिनदार: नाईक साहेब, मेंटेनन्स वाढवायला मी सांगतच नाहीये. पीएफचे पैसे आपल्या बिलात धरलेले आहेत, ते आपण दरमहा देतो आहोत. ते त्यांच्या खात्यात पोचत नाहीत, ही आपलीही फसवणूक आहे. शिवाय ठेकेदारानं पीएफ बुडवला तर काम करून घेणारे ‘मुख्य मालक’ म्हणून जबाबदारी आपल्यावर येऊ शकते.

कांबळे सिस्टर: बारा तासांपैकी ओव्हरटाइम किती आणि तो दुप्पट दरानं मिळतो का, हेही विचारा. आठवड्यातून एक सुट्टी तरी द्यायलाच हवी. रात्रपाळी शरीराचं काय करते ते मला माहीत आहे.

सावंत काका: सुट्टीच्या दिवशी बदली माणूस हवा. त्याचे पैसे वेगळे पडले तर माझ्या वाट्याचे मी आनंदानं देईन.

सी-३०२ (नाईक): पीएफ बिलात धरलेला असेल तर मात्र हिशोब मागितलाच पाहिजे. बिलाची प्रत ग्रुपवर टाका.

खजिनदार: टाकतो. एजन्सीकडे गेल्या बारा महिन्यांची पीएफ आणि ईएसआयसीची चलनं, म्हणजे पैसे भरल्याच्या पावत्या, सोबत नावनिशीवार यादी, अशी लेखी मागणी उद्या देतो. ती मिळेपर्यंत पुढचं बिल थांबवायचं का, हे कमिटीनं ठरवायचं आहे. पण त्या दादांना कामावरून काढणार नाही, हे पत्रात आधी लिहून घेऊ. रविवारी सकाळी दहाला क्लब हाउसमध्ये बैठक. ज्यांना यायला जमणार नाही त्यांनी आपलं मत इथेच लिहा.