भाच्याला तीनच स्टार मिळालेत, ड्राफ्टच्या दृष्टीने याला किती अर्थ आहे?

अमळनेरचा_पीटी
राम राम मंडळी. मी अमळनेर तालुक्यात क्रीडाशिक्षक आहे, कबड्डीची पोरं तयार करतो. ताईचा मुलगा टेक्सासमध्ये हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. हेल्मेट घालून खेळतात तो अमेरिकन फुटबॉल खेळतो, डिफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीत. शाळकरी खेळाडूंना पाचपैकी स्टार देणाऱ्या तिथल्या रिक्रूटिंग वेबसाइटने त्याला तीन स्टार दिले आणि घरात सुतक पडल्यासारखं झालंय. त्याच्याच शाळेतल्या एकाला पाच आहेत, त्यामुळे ‘आपल्याचं आता काही खरं नाही’ असं ताई फोनवर म्हणते.
ऑफर दोन आहेत. एक नावाजलेलं कॉलेज, तिथे त्याच्या जागेवर चार आणि पाच स्टारवाली पोरं आधीच आहेत. दुसरं लहान, पण तिथला कोच दुसऱ्या वर्षापासून खेळवतो म्हणतो. सतराव्या वर्षी लावलेले हे स्टार पुढे एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ कॉलेजातली पोरं पाळीपाळीने निवडतात त्यात, कितपत खरे ठरतात?

भुसावळचा_गणितवाला
भाऊ, हा माझा जिव्हाळ्याचा विषय. मी ज्युनियर कॉलेजला संख्याशास्त्र शिकवतो. ड्राफ्टची पहिली फेरी तिकडे गुरुवारी रात्री आठला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाच. सकाळची बॅच सुरू व्हायच्या आत जमेल तेवढी बघतो.

स्टार खोटे नसतात, हे आधी मान्य करू. 247स्पोर्ट्स या रिक्रूटिंग वेबसाइटवाले दरवर्षी साधारण 32 मुलांनाच पाच स्टार देतात, कारण पहिल्या फेरीत 32 जागा असतात. चार स्टारवाले तीन-चारशे, तीन स्टारवाले मात्र हजारांत. ढोबळ मानाने पाचवाल्यांतले निम्मे पुढे ड्राफ्ट होतात, चारवाल्यांत पाचातला एक, तीनवाल्यांत शंभरातले पाच-सात. फरक मोठाच आहे.

आता गुणाकार करा. 32 चे निम्मे 16. साडेतीनशेचा पाचवा हिस्सा 70. दोन हजारांचे सहा टक्के 120. सातही फेऱ्या मिळून साधारण 257 जण निवडले जातात, आणि त्यात सगळ्यात मोठा गठ्ठा तीन किंवा त्याहून कमी स्टारवाल्यांचा निघतो. ताईंना दोन्ही गोष्टी सांगा: एकेकट्या पोराची संधी कमी आहे, तरी ड्राफ्टच्या यादीत गर्दी त्याच्यासारख्यांचीच असते.

2025 चा ड्राफ्ट बघा. पहिला निवडला गेला कॅम वॉर्ड. हायस्कूलमधून निघाला तेव्हा त्याला एकही स्टार नव्हता, कारण त्याच्या शाळेची टीम बॉल घेऊन पळायची, पास क्वचितच टाकायची, मग क्वार्टरबॅकचा, म्हणजे पास टाकणाऱ्याचा, हात कोणाला दिसणार? इन्कार्नेट वर्ड या छोट्या कॉलेजातून सुरुवात करून वॉशिंग्टन स्टेटमार्गे तो मायामीला पोचला. दुसरा निवडला गेला ट्रॅव्हिस हंटर, 2022 च्या बॅचचा देशातला पहिल्या नंबरचा मुलगा. एकाच पहाटे, लागोपाठ.

आपल्या कापसाच्या मुलखातल्या माणसाला जॉश ॲलनचं नाव तर माहीत हवंच. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ गावचा, घरची कापसाची शेती. हायस्कूलनंतर एकाही मोठ्या कॉलेजने विचारलं नाही. रीडली या ज्युनियर कॉलेजात खेळला, तिथून देशभरच्या कोचना ईमेल पाठवत बसला, शेवटी वायोमिंगने घेतलं. 2018 मध्ये सातवा निवडला गेला.

भाच्याच्या जागेबद्दल मुद्दाम सांगतो. लाइनवरच्या मुलांचा अंदाज बांधणं फार अवघड. हायस्कूल संपल्यावर ड्राफ्टला पात्र व्हायला किमान तीन वर्षं जावी लागतात आणि त्या काळात अंग भरतं, ताकद बरीच वाढते. जे. जे. वॉट दोन स्टारचा होता आणि सेंट्रल मिशिगन कॉलेजला टाइट एंड म्हणून, म्हणजे आक्रमणाच्या बाजूने, खेळायचा. ते सोडून विस्कॉन्सिनला स्कॉलरशिपशिवाय दाखल झाला, 2011 मध्ये अकरावा निवडला गेला. ॲरन डोनाल्ड तीन स्टारचा, उंची कमी म्हणून मागे ठेवलेला, 2014 मध्ये तेरावा. दोघांनीही एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू हा किताब तीन-तीनदा घेतला.

माझं मत: जिथे मैदानावर उतरायला मिळेल तिथे जावं.

पांझराकाठ
मी मूळचा धुळ्याचा, सध्या ओहायोत. गणितवाले सरांच्या शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे. ड्राफ्ट होणारी पोरं सर्वांत जास्त मोठ्या कॉलेजांतूनच जातात. 2022 मध्ये एकट्या जॉर्जिया विद्यापीठाचे 15 जण निवडले गेले. त्यातला जॉर्डन डेव्हिस तीन स्टारचाच, डिफेन्सिव्ह लाइनवरचाच, तेरावा गेला! रोज सरावात पाच स्टारवाल्यांशी भिडला म्हणून तो घडला. शिवाय एनएफएलचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, तिथे कायम हजर असतात.

भुसावळचा_गणितवाला
जॉर्डन डेव्हिसचं उदाहरण चपखल आहे, पण तो तिथे पहिल्याच वर्षापासून मैदानावर होता. बेंचवर बसलेल्या पोराचा व्हिडिओच नसतो, मग स्काउट बघणार काय? मोठ्या कॉलेजांचा आकडा मोठा दिसतो त्याचं एक कारण म्हणजे ती निवडलेलीच पोरं घेतात. कॉलेजने घडवलं किती आणि आधीचंच किती, हे त्या 15 वरून वेगळं काढता येत नाही.

पीटी सर, ताईंना दोन्ही कोचना हे विचारायला लावा: डिफेन्सिव्ह लाइनवर सध्या कोण कोण आहेत, कोणत्या वर्षाला आहेत, पुढच्या दोन वर्षांत किती बाहेर पडतील? लाइनचा कोच किती वर्षांपासून टिकून आहे? आणि मागच्या बॅचचे तीन स्टारवाले आज मैदानावर आहेत की कॉलेज बदलून गेलेत? हे शेवटचं उत्तर सगळ्यात बोलकं असतं. लहान कॉलेजात चमकला तर ट्रान्सफर घेऊन मोठ्या कॉलेजात जाता येतं, वॉर्ड तसाच गेला.

पांझराकाठ
ट्रान्सफरचा मुद्दा पटला. पण शिक्षण कुठे चांगलं आहे तेही बघा. शंभरातल्या पाच-सातांत नाव आलं नाही तर डिग्रीच हाताशी राहणार.

अमळनेरचा_पीटी
आते समजनं भो. मी स्वतः तालुक्याच्या निवडीला पोरं वजनावर आणि उंचीवर बाजूला काढताना बघतो, त्यामुळे डोनाल्डचं वाचून बरं वाटलं. ताईकडून दोन्ही कॉलेजांच्या लाइनची यादी मागवतो. आली की इथेच टाकतो, तुम्ही दोघांनी बघून सांगा.